ऑफिसातल्या रिकाम्या तासांत गुपचूप वाचायचं कसं, आणि काय

दुपारचे सव्वातीन. सकाळचं काम उरकलंय, पुढची फाइल ज्यांच्याकडून यायची ते उद्या पाठवणार आहेत आणि सुटायला अजून पावणेतीन तास आहेत. उठून जाता येत नाही, डुलकी काढता येत नाही. हात आपसूक फोनकडे जातो, अंगठा वरखाली होत राहतो. सहा वाजता कुणी विचारलं, "काय बघत होतीस गं इतका वेळ?" तर एक गोष्ट धड सांगता येत नाही.

मी अकरा वर्षं हिशेबाच्या खात्यात आहे. महिनाअखेरीला आम्हाला मान वर करायची सवड नसते आणि महिन्याच्या मध्यावर माश्या मारत बसायची वेळ येते. त्या दिवसांत मी भरपूर वाचलं. दोनदा फजितीही करून घेतली. त्यातून एवढं मात्र पक्कं कळलं की वाचणारा माणूस सहसा कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. येतो तो शोधणारा. वाचणारा शांत बसलेला असतो, त्याच्या स्क्रीनवर मजकूर असतो, तो कामात असल्यासारखाच दिसतो. शोधणारा मात्र दहा टॅब उघडतो, चित्रं सरकवतो, मधेच हसतो, आणि पाठीमागे पाऊल वाजलं की दचकतो. वर त्याच्या हाती काही लागत नाही ते वेगळंच. म्हणून शोधायचं घरी आणि वाचायचं ऑफिसात. पुढचं सगळं या एका सवयीभोवती आहे.

आधी आपला रिकामा वेळ मोजा

एक आठवडा कागदाच्या चिठोऱ्यावर टिपून ठेवा: कधी रिकामे होतात आणि किती वेळ. बहुतेकांना वाटतं की आपल्याला "रोज दोन तास" मोकळे मिळतात. प्रत्यक्षात ते सलग नसतात. सिस्टिम सुरू व्हायला लागणारी चार मिनिटं, वरिष्ठांची सही येईपर्यंतची वीस मिनिटं, आणि क्वचित एखादी अख्खी दुपार. या तिन्हींना एकच वाचन चालत नाही. चार मिनिटांत कादंबरी उघडणाऱ्याच्या पदरी फक्त चिडचिड येते.

वेगाचाही अंदाज हवा. इंग्रजी माहितीपर गद्य मनातल्या मनात वाचण्याचा प्रौढांचा सरासरी वेग मिनिटाला साधारण २३८ शब्द धरतात. मराठीला हा आकडा जसाच्या तसा लावू नका, कारण आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात आणि एक मराठी शब्द कधीकधी तीन इंग्रजी शब्दांचं ओझं वाहतो. घड्याळ लावून एक पान वाचून बघा. मला मध्यम आकाराच्या पुस्तकाचं एक पान वाचायला दीड ते दोन मिनिटं लागतात. म्हणजे वीस मिनिटांत दहा-बारा पानं. एवढं कळलं की काय आणायचं ते ठरवता येतं.

कंपनीला काय दिसतं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण नोकरी प्रिय असेल तर वाचा.

ब्राउझरची खासगी खिडकी, म्हणजे ज्याला लोक इन्कॉग्निटो म्हणतात ती, फक्त तुमच्या मशिनवर इतिहास आणि कुकी ठेवत नाही. नेटवर्क चालवणाऱ्यापासून ती काही लपवत नाही. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असेल तर पानावरचा मजकूर वाटेत वाचता येत नाही, पण तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते नाव बहुधा दिसतंच. आणि मशिन कंपनीचं असेल तर हेही संरक्षण गृहीत धरू नका. कंपनी स्वतःचं प्रमाणपत्र त्या मशिनवर बसवून मजकूर उघडून तपासू शकते, किंवा स्क्रीनची छायाचित्रं घेणारी प्रणाली लावू शकते. तेव्हा कंपनीच्या मशिनवर वाचताना असं समजा की कुणीतरी कधीतरी ही यादी चाळणार आहे. अपघाताचा अहवाल, जुना शब्दकोश, एखाद्या शास्त्रज्ञाची पत्रं यादीत दिसली तर कुणी भुवई उंचावणार नाही. नोकरीच्या जाहिराती, स्वतःचे आजार, बँकेचं खातं, राजकीय भांडणं या चार गोष्टी मात्र तिथे उघडूच नयेत. त्या स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर, आणि शक्यतो जागेवरून उठून.

कंपनीचा संगणक वापराचा नियम एकदा खरंच वाचा. कामावर रुजू होताना त्यावर सही केलेली असते आणि वाचलेला कुणीच नसतो. बऱ्याच ठिकाणी "मर्यादित वैयक्तिक वापर चालेल" असं एक वाक्य असतं. ते आहे की नाही, यावर बराच फरक पडतो.

आणि काही कामांत हा लेख लागूच होत नाही. ज्याच्या लक्ष देण्यावर कुणाचा जीव अवलंबून आहे, ज्याच्या समोर माणसं रांगेत उभी आहेत, किंवा ज्याचा तास ग्राहकाच्या बिलात लागतो, त्याने पुस्तक मिटलेलंच बरं. तिसऱ्या प्रकारात तर वाचलेला तास कामाचा म्हणून भरणं ही सरळ फसवणूक होते. विल्यम फॉकनर हा पुढे नोबेल मिळवलेला लेखक १९२१ ते १९२४ मिसिसिपी विद्यापीठात पोस्टमास्तर होता. लोकांच्या नावाने आलेली मासिकं आधी स्वतः वाचायची, खिडकीवर माणूस उभा असला तरी मान वर करायची नाही, अशी त्याची ख्याती. अखेर निरीक्षकाकडे तक्रारी गेल्या आणि त्याला ती नोकरी सोडावी लागली. वाचनामुळे तो लेखक झाला असेल, पण त्या खिडकीवर ताटकळणाऱ्यांना त्याचं काय?

साठा घरी करायचा

रविवारी अर्धा तास काढा. आठवड्याला पुरेल एवढं शोधून ठेवा. किती? माझं प्रमाण असं: चार-पाच मिनिटांत संपणाऱ्या दहा गोष्टी, वीस मिनिटांच्या तीन, आणि एक जाडजूड. जास्त साठवू नका. पन्नास गोष्टींची यादी समोर असली की माणूस पुन्हा निवडत बसतो, म्हणजे पुन्हा शोधणं सुरू.

कुठून आणायचं? मला वर्षानुवर्षं पुरलेली ठिकाणं सांगते, आवडीच्या क्रमाने.

*अपघातांचे चौकशी अहवाल.* हे कुणी सुचवत नाही आणि ऑफिसात वाचायला याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही. विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्था आपले अहवाल फुकट, पीडीएफमध्ये प्रसिद्ध करतात. अमेरिकेची संस्था १९६७ पासून आहे, ब्रिटनच्या विभागाची मुळं १९१५ पर्यंत जातात. अहवालाचं रूप अगदी सरकारी: परिच्छेदांना क्रमांक, तक्ते, जोडपत्रं. लांबून बघणाऱ्याला ते ऑफिसचंच काहीतरी वाटतं. आत मात्र रहस्यकथा असते. पहिल्या पानावर काय घडलं ते सांगितलेलं असतं आणि पुढची शंभर पानं "का घडलं" याचा माग काढतात. परिच्छेदांना क्रमांक असल्यामुळे कुठे थांबलो तेही लक्षात राहतं.

मला हा नाद लागला तो अपघातानेच. नव्या जागेवर बसायला गेले तर ड्रॉवरमध्ये आधीच्या माणसाने ठेवलेली छापील पानं सापडली, ४३व्या पानाला टाचणी. विषय होता २३ जुलै १९८३चा. कॅनडातलं एक बोइंग ७६७ विमान ४१,००० फुटांवर असताना त्याचं इंधन संपलं. इंधन दाखवणारी यंत्रणा बिघडली होती, म्हणून टाकीत पट्टी बुडवून लिटर मोजले आणि कागदावर वजन काढलं. हवं होतं २२,३०० किलो. पण लिटरला ०.८ किलो या गुणकाऐवजी १.७७ हा पौंडांचा गुणक वापरला गेला, आणि २२,३०० हा आकडा आला तो पौंडांचा. म्हणजे निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान उडालं. दोन्ही इंजिनं बंद पडल्यावर वैमानिकांनी ते तरंगत तरंगत गिमली नावाच्या गावच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. तिथे त्या दिवशी मोटारींची शर्यत भरली होती! सगळे वाचले. आधीच्या माणसाने समासात पेन्सिलीने तो गुणाकार स्वतः करून पाहिला होता. हिशेबाच्या खात्यात बसलेल्या माणसाला याहून जवळची गोष्ट कुठली? त्यानंतर मी कुठल्याही तक्त्यात एकक न लिहिता आकडा पुढे जाऊ दिलेला नाही.

याच जातीचा दुसरा दस्तऐवज म्हणजे १९९९मध्ये मंगळाजवळ हरवलेल्या अमेरिकी यानाचा चौकशी अहवाल. तिथेही एका गटाची एककं ब्रिटिश पद्धतीची आणि दुसऱ्याची मेट्रिक. छोटा आहे, दोन बैठकांत संपतो.

*पत्रं.* मधल्या वीस मिनिटांसाठी पत्रासारखा प्रकार नाही. प्रत्येक पत्र स्वतंत्र असतं, मधेच उठावं लागलं तरी दुवा तुटत नाही. चार्ल्स डार्विनने लिहिलेली आणि त्याला आलेली हजारो पत्रं केंब्रिजच्या प्रकल्पाने टिपांसह खुली केलेली आहेत. बेडकांपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्याबद्दल हा माणूस लिहितो आणि सारखा पोटदुखीची तक्रार करतो. व्हॅन गॉगच्या पत्रव्यवहारातली ९०२ पत्रं २००९पासून मोफत वाचता येतात. त्यातली ८१९ त्याची स्वतःची. पैसे संपल्याची पत्रं आणि रंगांवरची पत्रं यांत फार अंतर नसतं, बऱ्याचदा दोन्ही एकाच पत्रात.

*कोश.* मराठी माणसाचं भाग्य असं की आपले कोश वाचनीय आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या साइटवर शोधता येतो. त्याच साइटवर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आहे. युक्ती एवढीच की शब्दाचा अर्थ बघून बाहेर पडायचं नाही. त्याच्या वरचे दहा आणि खालचे दहा शब्द वाचायचे. एकाच धातूची पिलावळ समोर येते, आता कुणी न वापरणाऱ्या म्हणी येतात, आणि पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज अधिकाऱ्याला आपल्या भाषेतलं काय चमत्कारिक वाटलं तेही कळतं. केतकरांचा ज्ञानकोश आणि लक्ष्मणशास्त्री जोशींनी संपादनाला सुरुवात केलेला मराठी विश्वकोश, दोन्ही जाळ्यावर आहेत. ज्ञानकोशातली माहिती शंभर वर्षं जुनी आहे, ते विसरून चालणार नाही; मी तो माहितीसाठी कमी आणि केतकरांच्या ठाम मतांसाठी जास्त वाचते. कोशाचा बाहेरून होणारा फायदाही मोठा आहे. पाठीमागून येणाऱ्याला स्क्रीनवर शब्दकोश दिसला तर तो "काहीतरी भाषांतर करतेय वाटतं" म्हणून पुढे जातो.

*विकिपीडिया.* सगळ्यांना माहीत आहे, पण बहुतेक जण चुकीच्या दाराने शिरतात. एका दुव्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत गेलं की तासाभराने काहीच वाचलेलं नसतं. त्याऐवजी इंग्रजी विकिपीडियावर संपादकांनीच केलेली विचित्र लेखांची एक यादी आहे. घरी बसून त्यातले पाच निवडा आणि तेवढेच वाचा. १५१८मध्ये स्ट्रासबुर्गात लोकांना जडलेली नाचण्याची साथ. १९१९मध्ये बोस्टनमध्ये काकवीची टाकी फुटून आलेला पूर आणि त्यात गेलेले २१ जीव. १९३२मध्ये ऑस्ट्रेलियाने इमू पक्ष्यांविरुद्ध दोन मशिनगनांसह पाठवलेले सैनिक, आणि इमूंची सरशी. प्रत्येक लेखाला चर्चेचं पान असतं, तेही उघडून बघा. एका स्वल्पविरामावरून सुशिक्षित माणसं महिनोन्‌महिने किती जीव तोडून भांडू शकतात ते तिथे दिसतं.

*पेटंटं आणि निकालपत्रं.* ही चटक लागायला वेळ लागतो. पेटंटाची भाषा मुद्दाम रटाळ असते, पण चित्रं पाहण्यासारखी. अमेरिकेचं ६४६९ क्रमांकाचं पेटंट १८४९चं, गाळात रुतलेली होडी उचलण्याच्या युक्तीचं, आणि अर्जदार अब्राहम लिंकन. निकालपत्रांत १९३२च्या त्या प्रसिद्ध ब्रिटिश खटल्यापासून सुरुवात करा, ज्यात पेयाच्या बाटलीत मेलेली गोगलगाय निघाली असा दावा होता. बाटलीतल्या एका गोगलगाईवरून "शेजारी कुणाला म्हणावं" या प्रश्नापर्यंत न्यायाधीश कसे पोचतात ते वाचण्यासारखं आहे.

*जुनी पुस्तकं.* प्रोजेक्ट गुटेनबर्ग १९७१मध्ये मायकेल हार्ट यांनी सुरू केला. आज तिथे सत्तर हजारांहून जास्त पुस्तकं साध्या मजकुराच्या रूपात मिळतात. साधा मजकूर हे ऑफिससाठी वरदान. मराठीसाठी विकिस्रोत आणि इंटरनेट आर्काइव्ह बघा. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी पुस्तक सर्वांसाठी मोकळं होतं, त्यामुळे केशवसुत (निधन १९०५) किंवा हरि नारायण आपटे (निधन १९१९) निर्धास्तपणे घ्यावेत. आर्काइव्हवर कुणी हयात लेखकांची पुस्तकंही चढवलेली असतात. ती उतरवू नका, आणि कंपनीच्या मशिनवर तर मुळीच नको.

आणि एक ठिकाण तुमच्या नाकासमोरच असतं: ऑफिसची जुनी कागदपत्रं. दुसऱ्या खात्याची कार्यपद्धती, जुन्या लेखापरीक्षणाचे शेरे, वीस वर्षांपूर्वीची परिपत्रकं. सर्वांना खुल्या फोल्डरमध्ये जे आहे तेवढंच म्हणतेय, कुलूप लावलेल्या ठिकाणी डोकावू नका. आमच्याकडच्या एका तक्त्यात एक रकाना वर्षानुवर्षं रिकामा का सोडतात, हे मला एका जुन्या परिपत्रकात सापडलं. कुणालाच माहीत नव्हतं. आता माहीत आहे, तरी रिकामाच सोडतात.

कादंबरी मात्र ऑफिसात नको, हे माझं ठाम मत. ती चांगली असेल तर तुम्ही तिच्यात बुडता आणि मधे आलेल्या कामाचा राग येतो. तो राग उत्तराच्या मेलमध्ये उतरतो. वाईट असेल तर घरीही कशाला वाचायची? कविता चालते. चार मिनिटांत एक कविता दोनदा वाचून होते आणि नंतर आकडे भरतानाही ती डोक्यात घोळत राहते.

वाचायला सोपं करून ठेवा

वेबपानं उघडी ठेवायची असतील तर ब्राउझरची वाचनपद्धत वापरा. फायरफॉक्स, एज, सफारी, सगळ्यांत ती सोय आहे. जाहिराती, चित्रं, आपोआप वाजणारे व्हिडिओ गळून पडतात आणि उरतो काळा मजकूर. माझी पहिली फजिती हीच सोय न वापरल्यामुळे झाली होती: समुद्री जीवांवरचा निरुपद्रवी लेख, आणि पानाच्या तळाशी अचानक गायला लागलेली जाहिरात. शांत खोलीत. तेव्हापासून मशिनचा आवाज कायम बंद.

"नंतर वाचू" म्हणून दुवे साठवणाऱ्या सेवा सोयीच्या असतात, पण त्यांच्यावर विसंबू नका. पॉकेट ही त्यातलीच एक सेवा २०२५च्या जुलैत बंद झाली; त्याआधी साइटींवरचे नवे लेख एकत्र दाखवणारा गूगल रीडरही २०१३च्या जुलैत गेला. मी पॉकेटात साठवलेले चारशे दुवे शेवटच्या आठवड्यात उतरवून घेतले आणि त्यातले साडेतीनशे कधीच वाचणार नव्हते हेही तेव्हाच कळलं. जे खरंच हवंय त्याचा मजकूरच स्वतःकडे ठेवावा.

पण तो कंपनीच्या मशिनवर कसा न्यायचा? पेन ड्राइव्ह लावू नका. बऱ्याच ठिकाणी ते बंद असतं, आणि जिथे चालतं तिथे त्याची नोंद होते. कंपनीच्या पत्त्यावर स्वतःलाच मेल करणंही शहाणपणाचं नाही. माझा अनुभव विचाराल तर कागद सगळ्यांत उत्तम. घरच्या प्रिंटरवर किंवा बाहेरून, एका पानावर दोन पानं अशी छापा, कोपऱ्यात टाचा, साध्या फाइलमध्ये लावा. छापील पानं पुढ्यात ठेवून हातात पेन्सिल घेतलेला माणूस जगातल्या कुठल्याही ऑफिसात कामातच असतो. कागदाचा कुठे इतिहास राहत नाही, तो मधेच वाजत नाही. फक्त ऑफिसच्या प्रिंटरवर छापू नका. कुणी, कधी, किती पानं छापली ते तो लिहून ठेवतो, आणि ऑफिसचा कागद संपवणं ही चोरीच आहे.

टेबलाखाली फोन धरून वाचणं मात्र सगळ्यांत वाईट. मान खाली, दोन्ही हात गायब, चेहऱ्यावर निळा उजेड. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून कळतं.

फाइलला खोटी नावं देऊ नका. "तिमाही_अंतिम" नावाच्या फाइलमध्ये डार्विनची पत्रं सापडली तर रिकाम्या वेळात वाचणारी बाई एका क्षणात लपवाछपवी करणारी बाई होते. माझ्या फोल्डरचं नाव आहे "वाचन". आजवर कुणी उघडून पाहिलेलं नाही.

बसायचं कसं

स्क्रीन दाराकडे पाठ करून लावता आली तर उत्तम. नाही तर बाजूने दिसू न देणारी काच मिळते. अक्षरं कामाच्या फाइलएवढीच ठेवा. मोठी अक्षरं आणि मधोमध अरुंद रकाना दिसला की ते काम नाही हे लगेच कळतं. खिडकी अर्ध्या स्क्रीनवर, दुसऱ्या अर्ध्यात कामाची फाइल. माऊसच्या चाकाने सतत सरकवण्याऐवजी स्पेसबार दाबा, एक पडदा पुढे जातो. सतत हलणारी स्क्रीन डोळ्याच्या कोपऱ्यातूनही टिपली जाते.

१९८०च्या दशकातल्या काही संगणकी खेळांत एक खास कळ असायची, ती दाबली की खेळ लपून खोटा हिशेबाचा तक्ता दिसायचा. साहेबाची कळ म्हणत तिला. आजही लोक विंडोज आणि डी दाबून सगळं एकदम लपवतात. त्याने काय होतं? येणाऱ्याला रिकामा डेस्कटॉप आणि त्यासमोर टक लावून बसलेला माणूस दिसतो. त्यापेक्षा ऑल्ट आणि टॅबने शेजारच्या खिडकीवर जा, तेही घाई न करता. कुणी जवळ आलं की आधी त्यांच्याकडे बघा, "बोला" म्हणा आणि मग हात हलवा. दचकणं हाच खरा पुरावा.

सगळ्यांत मोठा खड्डा म्हणजे स्क्रीन दाखवायच्या बैठका. माझी दुसरी फजिती त्यातलीच. खर्चाचं पोर्टल उघडायला पत्त्याच्या पट्टीत ई दाबला, एंटर मारलं, आणि ब्राउझरने मोठ्या तत्परतेने इमूंच्या युद्धाचं पान उघडलं. समोर चौदा माणसं. एकाने विचारलं, "मॅडम, हे कुठल्या खात्यात टाकायचं?" तेव्हापासून बैठकीच्या दहा मिनिटं आधी वाचनाचं सगळं बंद, पूर्ण स्क्रीनऐवजी एकच खिडकी दाखवायची, आणि वाचनासाठी कामाहून वेगळा ब्राउझर.

कागद वाचत बसलं की चॅटमधला हिरवा ठिपका पाच-दहा मिनिटांनी पिवळा होतो. होऊ द्या. माऊस आपोआप हलवणारी यंत्रं विकत मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. २०२४मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या बँकेने कळफलक चालू असल्याचं सोंग केल्याबद्दल डझनावर कर्मचाऱ्यांना काढलं. पिवळ्या ठिपक्यामुळे कुणाची नोकरी गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. निरोप आला की दोन मिनिटांत उत्तर द्यायचं, एवढं पाळलं की ठिपक्याकडे कुणी बघत नाही.

थांबायचं कसं, आणि विचारलं तर

काम आलं की वाक्य पूर्ण करायचा मोह टाळा. जिथे आहात तिथे पेन्सिलीचा टिंब द्या आणि उठा. परिच्छेदाच्या शेवटी थांबण्यापेक्षा मधेच थांबलेलं बरं, परत आल्यावर धागा लगेच सापडतो. मी छोट्या वहीत तारीख, काय वाचलं आणि एक ओळ एवढंच लिहिते. ओळ सुचली नाही तर ते वाचन पुढच्या रविवारी यादीतून काढते. ही चाळणी फार उपयोगी पडली. दोन महिन्यांत कळलं की मला अर्थकारणावरचे लेख आवडतात हा माझा गैरसमज होता.

वाचायला बसण्याआधी एकदा तरी काम मागावं. "सर, माझं झालंय, काही देताय का?" एवढं विचारून "नाही, सध्या काही नाही" हे उत्तर मिळालेलं असलं की निम्मी चोरी संपते. आणि कुणी थेट विचारलंच, "काय वाचताय?" तर खरं सांगा. एकदा आमचे साहेब खुर्चीमागे कधी येऊन उभे राहिले ते कळलंच नाही. मी म्हटलं, "सर, विमानाचा अहवाल आहे. किलोऐवजी पौंड धरले आणि इंधन संपलं." ते पाच मिनिटं उभ्याउभ्या वाचत राहिले, म्हणाले, "आपल्या त्या वजनाच्या तक्त्यात एकक लिहिलंय ना?" आणि गेले. लिहिलेलं नव्हतं. त्या दुपारी मी तो तक्ता दुरुस्त केला, वाचन राहिलं ते राहिलंच.

मागच्या वर्षी माझी जागा बदलली. जाण्याआधी जुन्या मशिनवरच्या खुणा आणि इतिहास पुसला, "वाचन" फोल्डर रिकामं केलं. ड्रॉवर आवरताना ती टाचणी लावलेली पानं हाती आली. समासातल्या पेन्सिलीच्या गुणाकाराखाली माझ्या हातचा एक गुणाकार होता, तोच, पुन्हा करून पाहिलेला. टाचणी ४३व्या पानाला लावली आणि पानं ड्रॉवरमध्ये परत ठेवली.